जुन्या पॉवरपीसी मॅकवर डेबियन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयबुक, पॉवरबुक, मॅक मिनी जी४, आयमॅक, पॉवरमॅक: इंटेलच्या आधीच्या या मशीनांवर डेबियन लिनक्स बसवताना जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. या पानावर आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या.

पॉवरपीसी पोर्ट, म्हणजे या प्रोसेसरसाठी बांधलेलं डेबियन, बंद झाला म्हणजे नेमकं काय झालं?

डेबियनचा ३२-बिट पॉवरपीसी पोर्ट अधिकृतपणे पहिल्यांदा आला तो ऑगस्ट २००० मध्ये, २.२ म्हणजे 'पोटॅटो' आवृत्तीत. शेवटची अधिकृत आवृत्ती ८, 'जेसी'. ती २५ एप्रिल २०१५ ला आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये रिलीज टीमने सांगितलं की पुढच्या 'स्ट्रेच'मध्ये पॉवरपीसी नसेल, आणि जून २०१७ मध्ये स्ट्रेच त्याच्याशिवाय बाहेर पडली.

कोड चालेनासा झाला म्हणून हा पोर्ट गेला नाही. अधिकृत पोर्टला आवृत्तीच्या पूर्ण आयुष्यभर त्याची जबाबदारी घेणारी माणसं लागतात. कंपायलर बदलला आणि चाळीस पॅकेजं बांधली जाईनात, तर ती कुणीतरी बसून दुरुस्त करावी लागतात. पॉवरपीसीसाठी अशी पुरेशी माणसं पुढे आली नाहीत.

त्यानंतर पोर्ट 'डेबियन पोर्ट्स' या अनधिकृत विभागात गेला आणि तिथे तो अजून जिवंत आहे. मात्र तिथे स्थिर आवृत्ती निघत नाही. मिळते ती फक्त 'सिड', म्हणजे सतत बदलणारी अस्थिर शाखा.

पीपीसी६४ईएल तर अजून चालू आहे. तो चालणार नाही का?

नाही. तो आयबीएमच्या पॉवर८ आणि नंतरच्या सर्व्हरसाठीचा लिटल-एंडियन (आकड्यांचे बाइट उलट्या क्रमाने ठेवणारा) पोर्ट आहे. जी५ प्रोसेसर ६४-बिट असला तरी त्यावर तो बूटसुद्धा होणार नाही. सिडची प्रतिमा (सीडीवर जाळायची इन्स्टॉलरची फाइल) उतरवताना जी३ आणि जी४ साठी 'पॉवरपीसी' घ्या, जी५ साठी 'पीपीसी६४'. चुकीची प्रतिमा उतरवण्याचा प्रकार इथे फार होतो.

माझं मशीन यात बसतं का?

ऑगस्ट १९९८ चा पहिला आयमॅक आणि त्यानंतरचे जवळजवळ सगळे पॉवरपीसी मॅक 'न्यू वर्ल्ड' गटात मोडतात: निळा-पांढरा पॉवरमॅक जी३, सगळे आयबुक, सगळे पॉवरबुक जी४, मॅक मिनी जी४, आयमॅक जी४ आणि जी५, पॉवरमॅक जी४ आणि जी५. हे पान त्यांच्यासाठीच आहे. त्याआधीची बदामी रंगाची मशीनं 'ओल्ड वर्ल्ड'. त्यांची बूट करण्याची तऱ्हा पूर्ण निराळी आहे, इथल्या पायऱ्या तिथे लावू नका.

मेमरी किती हवी? नुसत्या कमांड लाइनला २५६ एमबी पुरते. एलएक्सडीई किंवा आइसडब्ल्यूएमसारख्या हलक्या डेस्कटॉपसाठी ५१२ एमबी ठेवा. ब्राउझर उघडायचा असेल तर मशीन घेईल तेवढी भरा. मॅक मिनी जी४ मध्ये एकच स्लॉट आहे आणि कमाल १ जीबी. शेवटच्या आयबुक जी४ मध्ये ५१२ एमबी बोर्डावरच आहे, स्लॉटमध्ये १ जीबीची पट्टी टाकली की दीड जीबी होते. दोन्हींना पीसी२७०० डीडीआर लागते, पण पट्टी वेगळी: मिनीला डेस्कटॉपची लांब, आयबुकला लॅपटॉपची आखूड.

जेसी घ्यावी की सिड?

हे आधी ठरवा. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं यावर अवलंबून आहेत.

जेसी गोठलेली आहे. तिचं बूट लोडर, ड्रायव्हर, पॅकेजं एकमेकांशी जुळलेली आहेत आणि आज जे चालतं ते पाच वर्षांनीही तसंच चालेल. पण तिचा सुरक्षा आधार जून २०१८ मध्ये संपला. त्यानंतर जून २०२० पर्यंत चाललेल्या दीर्घकालीन आधारात पॉवरपीसी नव्हता. म्हणून जेसी घातलेलं मशीन बँक, ईमेल किंवा पासवर्ड लागणाऱ्या कोणत्याही कामाला वापरू नका. लेखन, संगीत, जुन्या सीडी वाचणं, घरातल्या नेटवर्कवर फायली ठेवणं, सी किंवा पायथन शिकणं यासाठी ती उत्तम आहे.

सिडमध्ये आजचा कर्नल, आजचं ओपनएसएसएल, आजची प्रमाणपत्रं मिळतात. मात्र एखाद्या सकाळी अपग्रेड अर्ध्यात अडकेल किंवा ग्राफिक्स जाईल, आणि ते सोडवायला तुम्हालाच बसावं लागेल. कमांड लाइनवरून मशीन परत उभं करता येत असेल तरच सिड घ्या.

आमचं मत: पहिल्यांदा करत असाल तर जेसी बसवा, हार्डवेअर नीट चालतंय ना ते पाहा, मग दुसऱ्या डिस्कवर सिड करून बघा. जेसीवरून सिडवर थेट अपग्रेड करायला जाऊ नका. मधल्या आवृत्त्या या आर्किटेक्चरसाठी निघालेल्याच नाहीत, त्यामुळे उडी इतकी मोठी होते की सी लायब्ररीपाशीच सगळं मोडतं. नव्याने बसवणं हाच मार्ग. आणि एकाच मशीनवर दोन्हींच्या रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून उतरतात ती ठिकाणं) कधीही एकत्र करू नका.

सुरुवातीला काय काय जवळ हवं?

कोरी ७०० एमबीची सीडी-आर, शक्यतो चांगल्या कंपनीची, आणि ती मिळेल त्या सर्वांत कमी वेगाने बर्न करा. वीस वर्षांच्या ड्राइव्हची लेन्स मंदावलेली असते आणि वेगाने जाळलेल्या सीडीवर ती अडखळते. डीव्हीडी-आरपेक्षा सीडी-आर जास्त वेळा वाचली जाते, रीरायटेबल सर्वांत कमी.

इथरनेटची वायर. या मशीनांचं इथरनेट बहुतेक ठिकाणी 'सनजेम' ड्रायव्हरवर चालतं आणि त्याला वेगळं फर्मवेअर (उपकरणात भरायचा छोटा प्रोग्रॅम) लागत नाही. वायफायला लागतं. वायरशिवाय इन्स्टॉल करायला बसलात तर मध्येच थांबाल.

डेस्कटॉप मशीनला वायरचा यूएसबी कीबोर्ड. ब्लूटूथ कीबोर्डवर बूटच्या वेळच्या कळा भरवशाने पोचत नाहीत. पीसीचा कीबोर्ड चालतो: विंडोज कळ म्हणजे कमांड, ऑल्ट म्हणजे ऑप्शन.

प्रतिमा जेसीसाठी ८.११ ची 'नेटइन्स्ट' घ्या. जून २०१८ ची ही शेवटची दुरुस्त आवृत्ती, त्याआधीचे सुरक्षा बदल तीत आलेले आहेत. ती डेबियनच्या सीडी प्रतिमांच्या आर्काइव्हमध्ये मिळते. चेकसम पडताळूनच जाळा.

सीडी घातली, पण मशीन तिच्यावरून सुरू होत नाही.

सुरू होतानाचा आवाज येताच सी कळ दाबा आणि पेंग्विन किंवा 'बूट' प्रॉम्प्ट दिसेपर्यंत सोडू नका. जमलं नाही तर ऑप्शन कळ दाबून सुरू करा. बूट होऊ शकणाऱ्या डिस्कांची चित्रं येतील. सीडी दिसायला मिनिटभरही लागू शकतं, कारण ड्राइव्ह आधी ती वाचते.

तरीही नाही, तर ओपन फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचाच प्रोग्रॅम. कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ या चारही कळा एकत्र दाबून मशीन सुरू करा. पांढऱ्या पडद्यावर शून्य आणि मोठं-चिन्ह असा प्रॉम्प्ट येतो. तिथे ही ओळ टंका: 'बूट', एक रिकामी जागा, 'सीडी', कोलन, स्वल्पविराम, दोन बॅकस्लॅश, कोलन, 'टीबीएक्सआय'. कोलन आणि स्वल्पविराम यांच्यामध्ये जागा सोडायची नाही, आणि बॅकस्लॅश दोनच. शेवटची चार अक्षरं हा फायलीचा प्रकार आहे. ड्राइव्हवर त्या प्रकारची फाइल दिसली की फर्मवेअर ती चालवतं.

'कॅन्ट ओपन' असा संदेश आला तर दोन शक्यता. ड्राइव्हला सीडी वाचता येत नाही, किंवा त्या मशीनमध्ये 'सीडी' हे टोपणनाव नाही. 'देवअलायस' टंकून यादी पाहा. टोपणनाव असेल तर दोष सीडीत किंवा लेन्समध्ये. या प्रॉम्प्टवरून बाहेर पडायला 'मॅक-बूट', बंद करायला 'शट-डाउन'. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये गोंधळ झालाय असं वाटलं तर 'रीसेट-एनव्हीरॅम', मग 'सेट-डिफॉल्ट्स', मग 'रीसेट-ऑल', या क्रमाने.

सीडी आत अडकली असेल तर माउसचं बटण दाबून धरून मशीन सुरू करा, ती बाहेर येते.

पेनड्राइव्हवरून होत नाही का?

काही मशीनांवर होतं, पण ऑप्शनच्या पडद्यावर पेनड्राइव्ह सहसा दिसतच नाही. ओपन फर्मवेअरमधून यूएसबीचा पूर्ण मार्ग शोधून द्यावा लागतो आणि तो मॉडेलनुसार बदलतो. ड्राइव्ह मेलेली असेल तर फायरवायर जास्त भरवशाचं. टी कळ दाबून सुरू केलेलं मशीन फायरवायरच्या वायरीवर नुसती बाहेरची डिस्क बनतं. दुसऱ्या चालू मॅकमधून तिच्यावर लिहिता येतं, किंवा दुसऱ्या मॅकची सीडी ड्राइव्ह उसनी घेता येते.

पार्टिशन कशी करायची?

या फर्मवेअरला ॲपल पार्टिशन मॅपच कळतो. एमबीआर किंवा जीपीटी असलेली डिस्क घातली तर इन्स्टॉलर काम पूर्ण करेल, पण मशीन बूट होणार नाही. दुसऱ्या पीसीत वापरलेली डिस्क घालताना हेच घडतं. इन्स्टॉलरमध्ये डिस्कवर नवा मॅप तयार करताना प्रकार 'मॅक' आहे ना ते पाहा.

पहिलं पार्टिशन मॅपचं स्वतःचं असतं, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या लगेच पुढे बूटस्ट्रॅप पार्टिशन, म्हणजे बूट लोडर ठेवायची छोटी जागा, हवं. यॅबूट या जेसीच्या बूट लोडरला ८०० केबी पुरतात, इन्स्टॉलरमध्ये त्याचं नाव 'न्यूवर्ल्ड बूट पार्टिशन' असं दिसतं. मॅक ओएसही ठेवायची असेल तर बूटस्ट्रॅप तिच्या पार्टिशनच्या आधीच असू द्या. नंतर ठेवलं तर फर्मवेअरला आधी मॅक ओएस सापडते आणि ते तिथूनच सुरू होतं, लिनक्सचा मेनू दिसतच नाही.

त्यानंतर २०० एमबीचं, ईएक्सटी२ फाइल सिस्टमचं वेगळं 'बूट' पार्टिशन करा. यॅबूट फाइल सिस्टम स्वतः वाचतो, त्यामुळे फाइल सिस्टम जितकी साधी तितका त्याचा अडथळा कमी. मूळ पार्टिशन ईएक्सटी४ चालेल. स्वॅप १ जीबी.

मॅक ओएसच्या पार्टिशनमध्ये लिनक्समधून लिहायचं असेल तर मॅक ओएसमध्ये जाऊन त्याचं जर्नलिंग आधी बंद करा. जर्नल चालू असलेलं एचएफएस प्लस लिनक्स फक्त वाचायला उघडतं.

इन्स्टॉल झालं, पण प्रश्नचिन्ह असलेला फोल्डर चमकत राहतो.

फर्मवेअरला बूटस्ट्रॅप सापडत नाहीये. आधी ऑप्शन कळ दाबून पाहा, लिनक्सचं चित्र दिसलं तर त्यावरून सुरू करा. नसेल तर ओपन फर्मवेअरमध्ये वरचीच आज्ञा, फक्त 'सीडी'च्या जागी 'एचडी' आणि कोलननंतर बूटस्ट्रॅप पार्टिशनचा आकडा, बहुतेक वेळा २.

सुरू झालं की दुरुस्ती कायमची करा. जेसीत यॅबूटची सेटिंग फाइल ईटीसी डिरेक्टरीत असते. तीत बूटस्ट्रॅपचं उपकरण आणि मूळ पार्टिशनचा आकडा बरोबर आहे ना पाहा, मग रूट म्हणून 'वायबिन' ही आज्ञा उणे-व्ही पर्यायासह चालवा. सेटिंग फाइल बदलली की दर वेळी वायबिन चालवावंच लागतं, नाहीतर बदल बूटस्ट्रॅपवर पोचत नाही. उलट नुसता कर्नल अपडेट झाला तर त्याची गरज नाही, कारण यॅबूट कर्नलच्या सिमलिंकवरून जातो. पॉवरपीसीवर ही फाइल 'व्हीएमलिनक्स' नावाची असते, शेवटी एक्स. पीसीवरची शेवटी झेड असलेली फाइल इथे शोधत बसू नका.

सिडच्या नव्या प्रतिमांत यॅबूट नाही, ग्रब हा बूट लोडर आहे. त्याचं बूटस्ट्रॅप पार्टिशन एचएफएसचं आणि बरंच मोठं असतं. इन्स्टॉलर ते आपोआप करतो, त्याला करू द्या.

फार जुन्या डेबियनवरून वर आलेल्यांसाठी: आयडीई डिस्कचं नाव आधी एच-डी-ए होतं, नंतरच्या कर्नलमध्ये एस-डी-ए झालं. सेटिंगमध्ये जुनं नाव राहिलं तर कर्नल सुरू होतो आणि मूळ पार्टिशन न सापडल्याने थांबतो. नावाऐवजी यूयूआयडी लिहा.

पेंग्विन दिसतो आणि मग पडदा काळा होतो किंवा रेघोट्या येतात.

सर्वांत जास्त येणारी तक्रार. आधी ग्राफिक्स कोणतं ते ओळखा.

इन्स्टॉलरमध्येच असं झालं तर यॅबूटच्या प्रॉम्प्टवर टॅब दाबून पर्यायांची यादी पाहा, हवा तो निवडा आणि त्यापुढे 'व्हिडिओ', बरोबर-चिन्ह, 'ओएफओन्ली' जोडा. मग कर्नल ओपन फर्मवेअरने दिलेला साधा फ्रेमबफर वापरतो. वेग कमी, पण चित्र येतं. जी५ असेल तर याच यादीतून ६४ असा उल्लेख असलेला कर्नल निवडायचा.

एटीआय रेडिऑन असलेली मशीनं म्हणजे आयबुक जी४, बहुतेक १५ आणि १७ इंची पॉवरबुक जी४ आणि मॅक मिनी. त्यांत दोन वेगळे दोष असतात. पहिला फर्मवेअरचा. रेडिऑनला स्वतःचं फर्मवेअर लागतं आणि ते मुक्त नसल्याने सीडीवर नसतं. जेसीत रिपॉझिटरीच्या ओळीत 'नॉन-फ्री' जोडून 'फर्मवेअर-लिनक्स-नॉनफ्री' बसवा. सिडमध्ये 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' हे पॅकेज डेबियनच्या मुख्य आर्काइव्हमधून हाताने उतरवून 'डीपीकेजी'ने बसवा. ते सगळ्या आर्किटेक्चरना एकच असतं, त्यामुळे चालतं.

दुसरा दोष एजीपीचा, म्हणजे ग्राफिक्स चिप जोडणाऱ्या मार्गाचा. डेस्कटॉप येतो, पाच-दहा मिनिटं चालतो आणि मग सगळं गोठतं, कधी माउसचा बाण तेवढा हलत राहतो. या मशीनांच्या एजीपी पुलाचं आणि रेडिऑन ड्रायव्हरचं नीट जमत नाही. कर्नलच्या पर्यायांत 'रेडिऑन', पूर्णविराम, 'एजीपीमोड', बरोबर-चिन्ह, उणे १ एवढं लिहा. ड्रायव्हर मग एजीपी सोडून साध्या पीसीआय पद्धतीने काम करतो. थोडा वेग जातो, गोठणं थांबतं. यॅबूटमध्ये हे सेटिंग फाइलीच्या 'अपेंड' ओळीत जातं. नंतर वायबिन विसरू नका.

एनव्हिडिया असलेली मशीनं, उदाहरणार्थ १२ इंची पॉवरबुक, जास्त त्रास देतात. 'नोव्हो' ड्रायव्हर काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी डेस्कटॉप सुरू होतानाच कोसळतो. 'नोमोडसेट' पर्याय देऊन एक्स सर्व्हरला 'एफबीडेव्ह' ड्रायव्हर ठरवून द्या. त्रिमिती वेग मिळणार नाही, पण मजकूर आणि साधी कामं नीट होतात. खरेदी करायला निघाला असाल तर रेडिऑनवालं मशीन घ्या.

पंखा विमानासारखा ओरडतो.

पंख्याचं नियंत्रण या मशीनांत कर्नलच्या मॉड्युलकडे असतं. ते लोड झालं नाही की हार्डवेअर सावधगिरी म्हणून पंखे पूर्ण वेगाने फिरवतं. जी५ मध्ये 'विंडफार्म' नावाने सुरू होणारी मॉड्युलं पाहा, त्यातलं मॉडेलला जुळणारं हवं. आयबुक आणि पॉवरबुक जी४ मध्ये 'थर्म-एडीटी७४६एक्स', आणि पॉवरमॅक जी४ च्या शेवटच्या, आरशासारख्या दारांच्या मॉडेलमध्ये 'थर्म-विंडटनेल'. 'एलएसमॉड'ने यादी बघा, नसेल तर 'मॉडप्रोब'ने घाला आणि ईटीसीतल्या मॉड्युलांच्या फाइलीत नाव लिहून ठेवा.

मॉड्युल असूनही लॅपटॉप तापत असेल तर दोष बहुधा प्रोसेसरवरच्या वाळलेल्या थर्मल पेस्टचा. ती बदलावी.

वायफाय चालेल का?

एअरपोर्ट एक्स्ट्रीम असेल तर हो. त्यात ब्रॉडकॉमची चिप असते आणि 'बी४३' ड्रायव्हर लागतो. इथरनेट लावून 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' बसवा, ते नेटवरून फर्मवेअर आणून कापून ठेवतं. कर्नलच्या संदेशांत चिपची जुनी आवृत्ती दिसली तर 'बी४३-लेगसी'चं तसंच पॅकेज घ्यायचं.

जी३ आयबुकमधलं मूळ एअरपोर्ट कार्ड ८०२.११बी चं आहे. आजच्या डब्ल्यूपीए२ राउटरशी ते जुळत नाही. केवळ त्याच्यासाठी घरचं वायफाय विनापासवर्ड करू नका. इथरनेट वापरा.

जेसीत पॅकेजं उतरतच नाहीत, सगळीकडे ४०४ येतं.

जेसी नेहमीच्या मिररवरून हलवून डेबियनच्या आर्काइव्ह सर्व्हरवर ठेवली आहे. पॅकेजं उतरवणाऱ्या एपीटीची सोर्सेस यादी ईटीसीत असते, तीत सर्व्हरचं नाव बदलून 'आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ओआरजी' करा, पुढे 'डेबियन' डिरेक्टरी, मग 'जेसी', 'मेन', 'कॉन्ट्रिब', 'नॉन-फ्री'. पत्ता साध्या एचटीटीपीने लिहा. 'सिक्युरिटी' आणि 'अपडेट्स'च्या ओळी काढून टाका. ८.११ बसवली असेल तर त्यांची गरज उरत नाही.

मग सह्यांचा प्रश्न येतो. जेसीवर सही केलेल्या किल्ल्यांची मुदत संपली आहे, म्हणून एपीटी कुरकुरतो. ओळीत 'डेब' या शब्दानंतर चौकटी कंसात 'ट्रस्टेड', बरोबर-चिन्ह, 'यस' लिहिलं की तो पुढे जातो. याचा अर्थ सहीची पडताळणी बंद झाली. म्हणून एवढ्या एकाच ओळीसाठी हे करा, बाहेरच्या कुणाच्या रिपॉझिटरीसाठी कधीही नको.

मशीन जपायचं असेल तर हवी ती पॅकेजं एकदाच उतरवून एपीटीचा कॅश दुसऱ्या डिस्कवर ठेवून द्या.

सिडमध्ये सही चुकल्याचा संदेश येतो.

पोर्ट्स विभागाच्या किल्ल्या ठरावीक काळाने बदलतात. प्रतिमा वर्षभर जुनी असेल तर तिच्यातली किल्ली संपलेली असते. 'डेबियन-पोर्ट्स-आर्काइव्ह-कीरिंग' हे पॅकेज मुख्य आर्काइव्हमधून हाताने आणून बसवा, मग अपडेट चालतं. इथे पडताळणी बंद करू नका, उपाय हाताशी आहे.

रोजच्या अपग्रेडला 'एपीटी-गेट अपग्रेड'च वापरा. 'डिस्ट-अपग्रेड' चालवलं तर काय काय काढलं जाणार आहे ती यादी शेवटपर्यंत वाचा. पोर्ट्समध्ये एखादं पॅकेज बांधलं न गेल्याने अर्धा डेस्कटॉप काढायचा प्रस्ताव येणं नेहमीचं आहे. चार दिवस थांबलं की बहुतेकदा सुटतं. चालणारा कर्नल कधीही काढू नका, नवा बसवून बूट झाल्यावरही जुना ठेवा.

२०२४ मध्ये सिडच्या ३२-बिट पोर्ट्सवर वेळ मोजायला ६४-बिट आकडा आला आणि शेकडो लायब्ररींच्या नावांना 'टी६४' शेपूट लागलं. त्याआधी बसवलेली आणि मध्ये अपडेट न केलेली सिस्टम आता ओढत आणण्यापेक्षा नव्याने बसवणं सोपं. जेसीत हा बदल नाही. तिची वेळ १९ जानेवारी २०३८ ला उलटेल.

प्रत्येक वेळी तारीख १९०४ किंवा १९७० होते.

आतली बॅटरी संपली. पॉवरमॅक जी४ मध्ये ३.६ व्होल्टची अर्ध्या एए आकाराची लिथियम, मॅक मिनीत नेहमीची सीआर२०३२. जुनी बॅटरी गळली असेल तर बोर्ड खराब होतो, म्हणून वापरात नसलेल्या मशीनमधूनही ती काढून ठेवा.

तारीख चुकली की सगळ्या एचटीटीपीएस साइट प्रमाणपत्र चुकीचं आहे म्हणतात, आणि एपीटी 'फाइल अजून वैध नाही' असं सांगतो. आधी 'डेट'ने हाताने तारीख लावा, मग एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारं) बसवा. तारीख बरोबर असूनही जेसीत काही साइट नाकारल्या जात असतील तर कारण वेगळं: लेट्स एन्क्रिप्टचं जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि जुन्या ओपनएसएसएलला नवी साखळी नीट पाळता येत नाही.

ब्राउझर कोणता? यूट्यूब चालेल?

डिलो, नेटसर्फ आणि लिंक्स२ वेगवान आहेत, पण जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या साइट त्यांच्यात उघडत नाहीत. क्रोमियम या आर्किटेक्चरवर नाही. फायरफॉक्स सिडमध्ये असला तरी जावास्क्रिप्टला इथे जेआयटी (कोड चालता चालता कंपाइल करण्याची सोय) नसल्याने जड पान उघडायला मिनिटं लागतात, आणि बिग-एंडियनमुळे (बाइटचा क्रम नेहमीच्या पीसीच्या उलट असल्याने) निळ्या-लालची अदलाबदल झालेली दिसू शकते. व्हिडिओ दुसऱ्या मशीनवर उतरवून ४८० ओळींपर्यंतचा इथे एमप्लेअरमध्ये लावा. डीव्हीडी जी४ वर छान चालते, ७२० ओळींचा एच.२६४ अडखळतो.

जी३ वर एखादा प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद पडतो.

जी३ मध्ये आल्टिवेक (एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा) नाही, जी४ आणि जी५ मध्ये आहे. डेबियनची पॅकेजं जी३ ला धरून बांधायची असतात, तरी एखाद्या प्रोग्रॅममध्ये न तपासताच आल्टिवेक वापरलेलं असतं. तो प्रोग्रॅम स्रोतावरून आल्टिवेक बंद करून पुन्हा बांधावा लागतो.

राइट-क्लिक, आवाज आणि झोप?

एकाच बटणाच्या ट्रॅकपॅडला कर्नलची 'मॅक-एचआयडी' सोय आहे. सिसकंट्रोलमध्ये माउस-बटण-इम्युलेशन १ करा, दुसऱ्या बटणाला कीकोड ८७ आणि तिसऱ्याला ८८ द्या. मग एफ११ मधलं बटण होतं, एफ१२ उजवं. आवाज येत नसेल तर आधी 'अल्सामिक्सर' उघडा, बहुतेकदा सगळं म्यूट असतं. झोपेचं मात्र कठीण आहे: रेडिऑनच्या नव्या ड्रायव्हरसोबत लॅपटॉप झोपतो पण उठत नाही. झाकण बंद केल्यावर काहीही होणार नाही अशी सेटिंग ठेवा आणि काम झालं की बंद करा.

मराठी दिसतं आणि टंकता येतं का?

दोन्ही नीट होतं. 'फॉन्ट्स-लोहित-देवा' बसवा, 'एमआर-आयएन' लोकेल तयार करा आणि टंकायला 'आयबस-एम१७एन' घ्या. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टंकण्याचे पर्याय आहेत. ५१२ एमबीच्या मशीनवर फोकस-रायटर किंवा ॲबीवर्डसारखा हलका संपादक घ्या, लिबरऑफिस उघडायलाच वेळ खातं.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी टाकता येते?

आयबुक, पॉवरबुक आणि मिनीत २.५ इंची, ४४ पिनांची आयडीई डिस्क असते. ४४ पिनांच्या अडॅप्टरवर एमसाटा एसएसडी किंवा कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावता येतं. जंपर 'मास्टर'वर ठेवा. ट्रिम (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा) या अडॅप्टरमधून जात नाही, म्हणून दहा-पंधरा टक्के जागा पार्टिशनबाहेर मोकळी सोडा. २००२ च्या आधीच्या पॉवरमॅक जी४ चा कंट्रोलर १२८ जीबीच्या पुढचं पाहत नाही, तिथे मोठी डिस्क वाया जाते.

मिनी पातळ पट्टीच्या पटाशीने कडेने उघडते. आयबुक जी४ ची डिस्क बदलायला जवळजवळ सगळं मशीन खोलावं लागतं आणि स्क्रूंच्या लांबी वेगवेगळ्या आहेत. लांब स्क्रू आखूड जागी घट्ट केला तर तो आतून वर येतो. काढताना कागदावर मशीनचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवत जा.

डेबियनशिवाय दुसरं काही?

नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या दोघांचे 'मॅकपीपीसी' पोर्ट चालू आहेत आणि त्यांच्या ठरलेल्या आवृत्त्या निघतात. नेटवर जोडलेलं छोटं सर्व्हर मशीन करायचं असेल तर आम्ही जेसीआधी ओपनबीएसडी सुचवू. जेंटूही चालतं, पण सगळं कंपाइल करायला रात्री जातात. फ्रीबीएसडीने आवृत्ती १५ पासून ३२-बिट पॉवरपीसी सोडलं. उबंटूनेही १७.०४ पासून हा पोर्ट काढून टाकला.

पोर्टला मदत करायची आहे, प्रोग्रॅमिंग फारसं येत नाही.

तरी हवी आहे. सिडची नवी प्रतिमा तुमच्या मशीनवर बसते का, एवढं तपासून कळवणं हेच सर्वांत कमी होतं, कारण बांधणारी मशीनं बहुतेक मोठे पॉवर सर्व्हर असतात, त्यांना ना रेडिऑन असतो ना ट्रॅकपॅड. बग कळवताना मॉडेलचं नेमकं नाव लिहा: ओपन फर्मवेअरच्या प्रॉम्प्टवर वरच्या ओळीत 'पॉवरबुक६,५' असं काहीतरी दिसतं, ते. सोबत कर्नलची आवृत्ती, 'डीमेसेज'चा पूर्ण मजकूर आणि आधीच्या कोणत्या कर्नलवर तेच नीट चालत होतं ते. शेवटचा तपशील असला की कुठल्या बदलाने मोडलं ते शोधण्याचं काम निम्म्यावर येतं.